एक लाख कोटींची माळ

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळीच्या आठ दिवस आधी एक मेसेज येतो. गलवाननंतर सुरू झाला, तेव्हापासून एकही वर्ष चुकलेला नाही. काका पाठवतात, आत्या त्याखाली हात जोडते, भाचे-पुतणे अंगठा टेकवून मोकळे होतात. यंदा तो संक्रांतीला मांजाच्या निमित्ताने पुन्हा फिरला, तेव्हा म्हटलं, आता एकदा बसून उत्तर लिहूनच टाकू.

मेसेज लांबलचक आहे. सार असं: भारतीयांनी दिवाळीत चिनी माल नाकारला म्हणून चीनचं एक लाख कोटींचं नुकसान झालं, वर्षभर असंच केलं तर चीन गुडघ्यावर येईल. माल ओळखायची युक्ती म्हणजे बारकोड: ६९० ते ६९९ ने सुरू झाला तर चिनी, ८९० ने सुरू झाला तर आपला. चीनकडे स्वस्त मजुरांपलीकडे काही नाही आणि ट्रम्पच्या टॅरिफने त्यांचं कंबरडं आधीच मोडलंय. त्यांना आपली गरज आहे, आपल्याला त्यांची नाही. शेवटी जपान: अणुबॉम्ब पडल्यापासून जपानी माणूस अमेरिकन वस्तूला हात लावत नाही, मग आपल्याला काय झालंय?

मी भोसरीत एका छोट्या कारखान्यात पर्चेसला आहे, वीसेक वर्षं. दुचाकी बनवणाऱ्यांना आम्ही पार्ट पुरवतो. कुठून काय येतं, किती दिवसांत येतं आणि आलं नाही तर कोणाच्या शिव्या खायच्या, हेच माझं काम. गलवानमध्ये आपले वीस जवान गेले त्याचा राग मलाही आहे, आणि काकांच्या रागाबद्दल माझी काही तक्रार नाही. हिशेब मात्र चुकलाय.

आधी एक लाख कोटी. आकडा खराच आहे असं धरून चालू. एक लाख कोटी रुपये म्हणजे साधारण ११ अब्ज डॉलर. चीनची २०२५ ची एकूण निर्यात आहे सुमारे ३.७७ लाख कोटी, आणि हे डॉलर आहेत, रुपये नव्हेत. ३६५ ने भागून बघा. दिवसाला दहा अब्ज डॉलरहून थोडं जास्तच. म्हणजे आपली अख्खी दिवाळी ही चीनच्या निर्यातीचा एक दिवस आणि वर दोन-तीन तास. ‘लाख कोटी’ दोन्हीकडे दिसतं, म्हणून गफलत होते. चीनच्या निर्यातीत भारताचा एकूण वाटाच साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे. शंभर गिऱ्हाइकं असलेल्या दुकानातून तीन-चार जण रुसून गेले तर शेठ गल्ल्यावरून उठतसुद्धा नाही.

आणि रुसून तरी कुठे गेलो आपण? २०२०-२१ मध्ये, म्हणजे गलवान झालं, ५९ ॲपवर बंदी आली, आयपीएलच्या पुढचं चिनी कंपनीचं नाव गेलं, त्या वर्षी आपण चीनकडून ६५ अब्ज डॉलरचा माल आणला. २०२४-२५ मध्ये ११३ अब्जांचा. त्याच काळात आपली चीनला जाणारी निर्यात २१ अब्जांवरून १४ अब्जांवर घसरली. तूट ९९ अब्ज. लोकांनी गच्चीवरून टीव्ही खाली फेकले त्याचे व्हिडिओ आपण पाहिलेत. न्हावा-शेव्याला उतरलेल्या कंटेनरचे व्हिडिओ कोणी काढत नाही. या ११३ अब्जांत इलेक्ट्रॉनिक्स, यंत्रसामग्री, रसायनं आणि प्लास्टिक हेच मोठे गट आहेत. माळा, कंदील, लक्ष्मीच्या मूर्ती हे सगळं मिळून त्याच्या तळाशी चिकटलेला चुरा. काका ज्याला चिनी माल म्हणतात तो दुकानात टांगलेला असतो. खरा चिनी माल कारखान्याच्या मागच्या दाराने आत जातो आणि पुढच्या दाराने आपल्या नावाने बाहेर येतो.

बारकोडची गंमत त्यातूनच कळते. मागच्या दिवाळीत पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, एक माळ घेतली. खोक्यावर तिरंग्याचे तीन पट्टे, ‘स्वदेशी’ असा ठसठशीत शिक्का आणि बारकोड ८९०. दुकानदार ओळखीचा. त्याला म्हटलं, खरंच आपली का हो? त्याने खोकं उघडलं, माळ टेबलावर पसरली आणि बोट फिरवत सांगितलं, “वायर आपली. प्लग आपला. खोकं तर आपलंच. हे एलईडी आणि ही छोटी डबी, जिच्यामुळे दिवे पळतात ना, तेवढं विचारू नका.” बारकोडचे पहिले आकडे फक्त एवढंच सांगतात की त्या कंपनीने आपला नंबर कुठल्या देशाच्या बारकोड संस्थेकडून घेतलाय. वस्तू कुठे बनली याच्याशी त्यांचा संबंध नाही. पुण्यातल्या कंपनीने चीनमधल्या शेन्झेनहून पूर्ण तयार माल आणून स्वतःच्या खोक्यात भरला तरी बारकोड ८९०च. बघायचंच असेल तर आयात मालावर कायद्याने छापावं लागणारं मूळ देशाचं नाव बघा. ते बारीक अक्षरात आणि बहुधा घडीखाली असतं. बरं, उलटंही आहे. ज्याने दरवर्षी कोणाचा ना कोणाचा गळा चिरला जातो तो ‘चिनी मांजा’, तो नायलॉनचा दोरा बराचसा आपल्याकडेच तयार होतो. नाव तेवढं चिनी.

‘स्वस्त मजूर’ हे वीस वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी खरं होतं. आज चिनी कामगाराचा पगार आपल्या, व्हिएतनामच्या, बांगलादेशच्या कामगारापेक्षा बराच जास्त आहे. तरीही ऑर्डर तिकडे का जाते ते मी रोज बघतो. एखाद्या छोट्या कनेक्टरसाठी रात्री दहाला चौकशी टाकली तर सकाळी चहाच्या आधी तीन पर्याय, तीन भाव आणि ड्रॉइंगमधली आमचीच एक चूक दाखवणारी मेल आलेली असते. एकाच गावात स्प्रिंगवाला, मोल्डवाला, प्लेटिंगवाला, तपासणीवाला सायकलच्या अंतरावर. माल तयार झाला की बंदर जवळ. शांघाय बंदराने २०२४ मध्ये पाच कोटींहून जास्त कंटेनर हाताळले, वीस फुटी मापाने. आपल्या जेएनपीएने, म्हणजे न्हावा-शेव्याच्या बंदराने, २०२४-२५ मध्ये सुमारे ७३ लाख. पालघरच्या वाढवणला नवं बंदर होतंय, पण ते होईल तेव्हा. जगात कारखान्यांतून जे काही बाहेर पडतं त्यातलं सुमारे ३० टक्के आज चीनमध्ये बनतं. २०२३ मध्ये जपानला मागे टाकून सर्वांत जास्त गाड्या निर्यात करणारा देश चीन झाला. २०२५ मध्ये बॅटरीवरच्या गाड्या विकण्यात चीनच्या बीवायडीने अमेरिकेच्या टेस्लाला मागे टाकलं. हे काही नुसत्या स्वस्त हातांनी होत नाही.

टॅरिफचं सांगायचं तर ही परीक्षा झालीच आहे, आणि ती आपल्याहून कितीतरी मोठ्या गिऱ्हाइकाने घेतली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावर १४५ टक्क्यांपर्यंत कर चढवला, चीनने उलट १२५ टक्के. मे महिन्यात जिनिव्हात दोघांनीही पाय मागे घेतले. वर्षाअखेर हिशेब असा निघाला: चीनची अमेरिकेला होणारी निर्यात साधारण पाचव्या हिश्शाने घटली आणि तरी एकूण निर्यात पाच टक्क्यांवर वाढली. आग्नेय आशिया, आफ्रिका, युरोप, जिथे जागा मिळाली तिथे माल गेला. आयात वजा जाता त्यांच्या हातात उरलेली शिल्लक पहिल्यांदाच एक लाख कोटी डॉलरच्या वर गेली. अमेरिकेच्या दणक्याने जे झालं नाही ते तपकीर गल्लीतल्या माळेने होईल असं मानायला फार श्रद्धा लागते.

एक गोष्ट मात्र काकांच्या बाजूची. चीन आतून ठणठणीत नाही. घरबांधणीचा फुगा फुटलाय. एव्हरग्रँडसारखी कंपनी मोडीत काढायचा आदेश हाँगकाँगच्या कोर्टाने जानेवारी २०२४ मध्ये दिला. लोकसंख्या २०२२ पासून घटतेय. लोक पैसे धरून बसलेत, खर्च करत नाहीत. पण मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं की चीन दुबळा झाला म्हणजे आपल्यावरचा भार हलका झाला. घडतं नेमकं उलटं. कारखाने थांबत नाहीत आणि घरचं गिऱ्हाईक घेत नाही, मग तो माल पडेल भावात जगभर ओतला जातो. २०२४ मध्ये चीनने ११ कोटी टनांवर पोलाद बाहेर काढलं. आपल्या सरकारला एप्रिल २०२५ मध्ये आयात पोलादाच्या काही प्रकारांवर १२ टक्के जादा शुल्क लावावं लागलं ते अशाच लोंढ्यामुळे. शेजारच्याच्या घरात आजारपण आलं आणि त्याने रात्रंदिवस भांडी वाजवायला सुरुवात केली, असा प्रकार.

आता ‘आपल्याला त्यांची गरज नाही’. इथे मला थोडा वेळ द्या, कारण हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं.

४ एप्रिल २०२५ ला चीनने सात रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. अमेरिकेला उत्तर म्हणून केलं, पण लागलं सगळ्यांना. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमध्ये रोटरला निओडिमियमचे मॅग्नेट बसवलेले असतात. एक तुकडा चपटा, करडा, बोटाच्या पेराएवढा. एका गाडीचे सगळे मॅग्नेट दोन मुठींत मावतात आणि गाडीच्या किमतीत त्यांचा वाटा किरकोळ असतो. पण मोटर तापल्यावर चुंबकाची ताकद जाऊ नये म्हणून त्यात डिस्प्रोशियम, टर्बियम चिमूटभर घालावं लागतं, आणि ती चिमूट चीनच्या हातात आहे. असे चुंबक बनवण्यात जगातला सुमारे ९० टक्के वाटा त्यांचा. परवान्यासाठी ‘हा माल लष्करी कामाला वापरणार नाही’ अशी हमी लिहून द्यायची, ती आपल्या सरकारी खात्यांमधून फिरवायची, मग चिनी दूतावासाचा शिक्का, मग तिकडे अर्ज. जून-जुलैत चाकण-भोसरी पट्ट्यात आम्ही पर्चेसवाले एकमेकांना फोन करून विचारत होतो, “तुमची फाइल कुठे अडकलीय?” ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं, असं बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी जाहीरपणे सांगितलं. दोन मुठी मालासाठी अख्खी असेंब्ली लाइन ठप्प.

त्याच दिवसांत माझा मेहुणा तिकडे तासगावात वेगळ्याच कारणाने वैतागलेला. त्याची दोन एकर द्राक्षबाग. ठिबकमधून सोडायची विद्राव्य खतं, बारा-एकसष्ट, झिरो-बावन्न-चौतीस, एकोणीस-एकोणीस, हा बागायतदाराच्या रोजच्या बोलण्यातला विषय. भारतात येणाऱ्या या खास खतांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास चीनमधून येतात असं या धंद्यातलेच लोक सांगतात. २०२५ च्या उन्हाळ्यात चीनने तपासणीच्या नावाखाली भारताकडे येणारा माल रोखून धरला. दिवाळीच्या तोंडावर, ऑक्टोबर छाटणीच्या धामधुमीत, मी त्याला तोच मेसेज गंमत म्हणून पाठवला. लगेच फोन आला. “दाजी, माळ राहू द्या हो. पुण्यात कुठं बारा-एकसष्ट मिळतंय का बघा की. हितं दुकानदार पोतं दाखवायला तयार न्हाई.” घरातल्या रिकाम्या पोत्याचा फोटो त्याने पाठवला. पुढच्या बाजूला भारतीय कंपनीचं नाव, हिरवागार द्राक्षाचा घोस. मागे, शिलाईच्या जवळ, मूळ देश: चीन.

बुलेट ट्रेनच्या मुंबईकडच्या बोगद्यासाठी मागवलेली यंत्रंसुद्धा त्याच सुमारास चीनच्या बंदरात अडकून पडली होती. कंपनी जर्मन, यंत्रं बनलेली चीनमध्ये. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले, तेव्हा बातम्या आल्या की खतं, रेअर अर्थ आणि बोगद्याची यंत्रं या तीन गोष्टी मोकळ्या करण्याचं आश्वासन मिळालं. ही यादी नीट वाचा. दोन देशांचे मंत्री टेबलाशी बसले तेव्हा आपण काय मागितलं, तर खत, मॅग्नेट आणि यंत्र. दिव्याच्या माळेचा विषय कोणाच्याच कागदावर नव्हता.

औषधांचं दुःख तर आमच्या दाराशीच आहे. पिंपरीची एचए, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ ची. देशातलं पेनिसिलिन इथे बनायचं. बसचा थांबा आजही त्या कंपनीच्या नावाने ओळखला जातो. पुढे चीनने प्रचंड टाक्या उभारून, सरकारी पाठबळावर, कच्चं पेनिसिलिन अशा भावाने विकलं की आपल्याकडचे ते आंबवण्याचे कारखाने एकेक करून थंडावले. आज आपण जगाला गोळ्या पुरवतो, पण आयात होणाऱ्या कच्च्या औषधी मालातला सुमारे ७० टक्के चीनचा. सरकारने २०२० मध्ये ६,९४० कोटींची योजना आणली आणि २०२४ मध्ये आंध्रातल्या काकिनाड्याजवळ पेनिसिलिन-जीचं उत्पादन पुन्हा सुरू झालं. जे पिंपरीत होतं ते परत उभं करायला तीन दशकं लागली. बहिष्काराचा मेसेज फिरवायला तीन सेकंद लागतात.

जपानची गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण ती इतकी नेमकी उलटी आहे. युद्धानंतर जपानी शाळांतल्या मुलांना दुपारी जो पाव मिळायचा तो अमेरिकन गव्हाचा होता. १९७१ मध्ये टोकियोच्या गिन्झात मॅकडोनाल्ड उघडलं. ख्रिसमसला तिकडे केएफसीच्या चिकनसाठी आगाऊ नंबर लावतात. कित्येक दशकं अमेरिका जपानची सर्वांत मोठी गिऱ्हाईक होती. आणि गुणवत्तेचं जे तंत्र आम्ही जपानी म्हणून डोक्यावर घेतो, त्याचे धडे १९५० मध्ये द्यायला गेलेला एडवर्ड्स डेमिंग अमेरिकन होता. जपान्यांनी पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने पारितोषिक सुरू केलं. अणुबॉम्ब टाकणाऱ्यांच्या माणसाला बोलावून, समोर बसवून शिकले. आमच्या शॉपफ्लोअरवर ‘फाइव्ह-एस’चा, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या जपानी पद्धतीचा, बोर्ड लागलाय तो याच वळणाने आला.

चीनशी जपानचं वाजलं तेव्हाचा धडा याहून कामाचा. २०१० मध्ये सेन्काकू बेटांजवळ चिनी मासेमारी बोटीची जपानी तटरक्षकांशी टक्कर झाली आणि चीनकडून जपानला येणारा रेअर अर्थचा पुरवठा आटला. जपानने साठा करायला घेतला, कमी रेअर अर्थ लागतील असे चुंबक शोधले, जुन्या यंत्रांतून ते परत काढायला शिकले आणि २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसे घातले. चीनवरचं अवलंबित्व साधारण ९० टक्क्यांवरून ६० वर आलं. दहा-बारा वर्षांत तीस टक्के, तेही जपानने, इतका पैसा आणि चिकाटी लावून.

काका मला विचारणार, मग काय हातावर हात धरून बसायचं? नाही. खेळण्यांचं उदाहरण बघा. २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, जानेवारी २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय खेळणं विकायला बंदी आली. २०१४-१५ च्या तुलनेत २०२२-२३ मध्ये खेळण्यांची आयात निम्म्यावर आली. खेळणी सोपी होती, मॅग्नेट अवघड आहेत. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत कच्चा माल आहे, तो काढणारी सरकारी कंपनी १९५० पासून आहे, तरी चुंबक बनवायचा कारखाना उभा करण्यासाठीची ७,२८० कोटींची योजना मंजूर झाली नोव्हेंबर २०२५ मध्ये. वर्षाला ६,००० टनांचं लक्ष्य. पंचाहत्तर वर्षं आपण वाळूवर बसून होतो.

मेसेजच्या शेवटी १९०५ च्या होळीचा फोटो जोडलेला असतो. पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, टिळक होते, सावरकर होते, ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच स्वदेशीच्या लाटेत घरोघर एकेक पैसा मागून पैसा फंड उभा राहिला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावात काचेचा कारखाना निघाला. परदेशात काचेचं काम शिकून आलेल्या माणसाने, ईश्वरदास वार्ष्णेयांनी, तो चालवायला घेतला. तिथे शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काचकारखान्यांत गेले. तळेगाव चाकणहून फार लांब नाही. मी महिन्यातून दोनदा त्या रस्त्याने जातो. त्या कारखान्याचा फोटो मात्र ग्रुपवर आजवर कोणी टाकलेला नाही.

हे सगळं टाइप करून काल रात्री ग्रुपवर टाकलं. आत्याने हात जोडले. पुतण्याने अंगठा दाखवला. सकाळी काकांचा निरोप आला: “सगळं वाचलं. म्हणजे मांजा आपलाच?”